बोंडावरची न भरणारी खपली

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे स्तनाच्या बोंडाबद्दल. हा शब्द बायका तपासणीच्या खोलीतही दबक्या आवाजात उच्चारतात, म्हणून मी मुद्दाम स्पष्ट उच्चारते आहे.

बोंडावर लाल चट्टा उठतो, खाज सुटते, आग होते, खपली धरते. खपली निघाली की खाली ओलसर, लालबुंद कातडी दिसते. घरात कुणी म्हणतं इसब, कुणी नायटा. मलमाने थोडा आराम पडतो आणि महिने निघून जातात. पुष्कळदा ते इसबच असतं. क्वचित मात्र तो पॅजेटचा आजार असतो, म्हणजे स्तनाचा कर्करोग. स्तनाच्या शंभर कर्करोगांत असे एक ते तीन.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये सुमारे १५ स्त्रियांची हकिकत लिहिली. आधी बोंड बिघडलं, मग फार तर दोन वर्षांत स्तनात कर्करोग झाला. कातडीच्या जुन्या त्रासातून आत रोग होतो, असं त्यांना वाटलं. त्यांची नजर अचूक होती. पण क्रम बहुतेक वेळा उलटा निघाला. रोग आधी आतल्या दूधनलिकेत असतो आणि त्याच्या पेशी नलिकेतून सरकत बोंडाच्या कातडीत शिरतात.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. स्लाइडवर या पेशी पाहिल्या की विसरता येत नाहीत. कातडीच्या चपट्या, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशींमध्ये या मोठ्या, गोल, फिकट, भिजल्या साबुदाण्यासारख्या फुगलेल्या, केंद्रक भलंमोठं. कुठे एकेकट्या, कुठे घोळक्याने. बहुतेकींवर ‘हर-टू’ नावाचं प्रथिन भरपूर असतं. कातडीच्या पेशी जे रसायन सोडतात त्याच्या ओढीने त्या वर येतात, असं मानलं जातं. मेलानोमा हा कातडीचा कर्करोगही कधी असाच दिसतो, म्हणून पेशींना खास रंग देऊन खात्री करावी लागते.

इसब सहसा दोन्ही बाजूंना आणि बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळावर सुरू होतं. पॅजेट एकाच बाजूला, थेट बोंडावर. पुरुषांनाही होतो. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, काही दिसलं नाही, हाताला गाठ लागली नाही, तरी तो नाही असं म्हणता येत नाही.

म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने चट्टा गेला नाही, तर डॉक्टरांना विचारा, “तुकडा तपासायचा का?” बोंड सुन्न करून तांदळाच्या दाण्याएवढी कातडी काढतात. नुसती वरची खपली आमच्याकडे आली, तर त्यात या पेशी सापडतीलच असं नाही.