पाण्याने आखलेली वाट

मंडळी, नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘रेशीम मार्गाची सफर’. गेली बारा वर्षं मी महाराष्ट्रातून गट घेऊन उझबेकिस्तानात जातो. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, अशी साधारण नऊ दिवसांची सहल असते. विमानतळावर सगळे जमले की कुणीतरी विचारतंच, “हा रेशीम मार्ग नेमका सुरू कुठून होतो?” लोकांच्या मनात मुंबई-आग्रा रोडसारखा एक सलग रस्ता असतो. तसा रस्ता कधीच नव्हता. नावसुद्धा फार जुनं नाही, १८७७ मध्ये फर्डिनांड फॉन रिख्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने ते वापरलं आणि रूढ झालं. जे लोक प्रत्यक्ष उंट हाकत होते, त्यांच्या लेखी ती पुढच्या गावाची वाट होती. समरकंदची वाट, बुखाऱ्याची वाट. चीनमधून निघालेलं रेशमाचं ठाण या बाजारातून त्या बाजारात हात बदलत पुढे सरकायचं.

यातला एक फाटा आपल्याकडेही आला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय की चिनी रेशीम बाल्ख प्रांतातून, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातून, जमिनीवरून भडोचला येतं. त्याच लिखाणात पैठण आहे, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. म्हणजे पैठण आणि समरकंद एकाच व्यापाराच्या जाळ्यात होते.

नाव रेशमाचं असलं, तरी ही वाट आखली पाण्याने, हे मला तिथे वारंवार जाऊन उमगलं. तेच आज सांगायचंय.

नकाशावर झरफशान नदी शोधा. तिच्या नावातला ‘झर’ म्हणजे आपल्या पैठणीच्या काठातली जर. फारसीत झर म्हणजे सोनं आणि झरफशान म्हणजे सोनं उधळणारी. ती ताजिकिस्तानच्या बर्फाळ डोंगरांत उगम पावते, समरकंदला पाणी देते, बुखाऱ्याला देते, आणि आमूदर्या या मोठ्या नदीला मिळण्याआधीच वाळवंटात जिरून जाते. दोन्ही शहरं या एका नदीच्या काठाकाठाने आहेत, आणि त्यांना जोडणारी काफिल्यांची वाटही नदीचा हात धरूनच चालते. पाणी सोडून आडवी गेलेली वाट फार कमी ठिकाणी आहे. जिथे आहे, तिथे माणसांनी काय केलं, ते पुढे सांगतो.

समरकंदला पोचल्यावर सगळ्यांना आधी रेगिस्तान चौक बघायचा असतो. निळ्या घुमटांच्या तीन मदरशांचा चौक, फोटोत असतो तो. मी सकाळी आधी अफ्रासियाबच्या टेकाडावर नेतो. तिथे गवत आणि माती, बाकी काही नाही. मंडळी थोडी हिरमुसतात. पण जुनं समरकंद ते हेच. १९६५ मध्ये इथे रस्त्याचं काम चालू असताना सातव्या शतकातली भित्तिचित्रं सापडली. राजा वरखुमानच्या दरबारात देशोदेशीचे वकील नजराणे घेऊन आलेत, त्यांत चिनी मंडळी रेशीम घेऊन उभी आहेत. या टेकाडावरच्या शहराला शिशाचा मुलामा दिलेल्या पाटातून पाणी यायचं. १२२० मध्ये चंगीझखानाच्या सैन्याने शहर घेतलं, पाण्याची व्यवस्था मोडली, आणि शहर पुन्हा तिथे उभं राहिलं नाही. ते दक्षिणेला सरकलं. इमारती पडल्या तर माणसं परत बांधतात. इथे पाणी वर चढेना, म्हणून टेकाड ओस पडलं.

या समरकंदची माणसं सोग्दियन. व्यापारात अतिशय वाकबगार. पश्चिम चीनमधल्या तुनह्वांगजवळच्या एका पहाऱ्याच्या बुरुजात १९०७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना त्यांची पत्रं सापडली, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची. त्यातलं एक रेशमी कापडात गुंडाळून, वरून जाड्याभरड्या कापडात बांधून समरकंदच्या पत्त्यावर धाडलेलं होतं. ते पोचलंच नाही. दुसरं एका बाईचं आहे, मिवनाय तिचं नाव. नवरा तिला आणि मुलीला तुनह्वांगला सोडून गेला, पैसे संपले, परत जायला कुणी सोबत घेईना. ती लिहिते, तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची बायको झाले असते तर बरं. मी हे दर वेळी गाडीत सांगतो. काफिला, उंट, घंटा यांची चित्रं आपण खूप रंगवतो. त्या वाटेवर अडकून पडलेल्या बाईची गोष्टही तितकीच त्या वाटेची आहे.

समरकंदच्या कोनिगिल गावात मी गटाला अर्धा दिवस ठेवतो. तिथे ओढ्यावर लाकडी चाक आहे. चाक फिरलं की आसावरच्या खुंट्या एकेका मुसळाचं शेपूट दाबतात आणि सोडतात, मुसळ उखळात धप्पकन पडतं. उखळात तुतीच्या सालीचा लगदा. कोवळ्या फांद्यांची साल सोलायची, वरचा तपकिरी पापुद्रा सुरीने खरवडायचा, आतला पिवळसर भाग तासन्‌तास शिजवायचा, मग कुटायचा. लगदा हौदातल्या पाण्यात कालवून चौकटीवर उचलला की पातळ साय धरते. ती वाळली की घोटायची. घोटलेल्या कागदावर शाई फुटत नाही. ७५१ मध्ये तलास नदीकाठच्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी ही विद्या समरकंदला दिली, असं परंपरेने सांगतात. आपल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा घोटाईचा कागद व्हायचा, जुन्नरचा कागदही आपल्या दप्तरांत आहे. पान खिडकीकडे धरून बघा, आतले धागे दिसतात. किड्याला पाला घातला तर रेशीम देतो आणि उखळात घातली साल तर कागद, तो तुतीचा वृक्ष तिथे प्रत्येक पाटाच्या कडेला उभा आहे.

आता समरकंद ते बुखारा. पहिली तीन वर्षं हा प्रवास मी रेल्वेनेच केला. आखणी ज्यांनी केली होती, त्यांच्या तक्त्यात तसंच होतं आणि मीही कधी विचारलं नाही. चौथ्या वर्षी गटाची तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून गाडी करून निघालो. नवोई शहर ओलांडल्यावर आमच्या स्थानिक गाईडने हमरस्त्याच्या कडेला थांबायला लावलं. एका बाजूला मोकळ्या रानात एकटा उभा दरवाजा, भाजक्या विटांचा. रबात-ए-मलिक ही अकराव्या शतकातली काफिल्यांची सराई, तिचं आज जवळजवळ हे प्रवेशद्वारच उरलंय. सगळे तिकडे कॅमेरे घेऊन धावले.

आमच्यात बीडकडच्या एक काकू होत्या. शेतकरी घरातल्या, मुलाने पाठवलेल्या. त्या तिकडे गेल्याच नाहीत. त्या रस्ता ओलांडून समोरच्या विटांच्या घुमटाकडे निघाल्या, म्हणून मीही मागे गेलो. तो घुमट म्हणजे सरदोबा, पाण्याचं झाकलेलं टाकं. व्यास बारा मीटरच्या आसपास, निम्मं अंग जमिनीत. झरफशानचं पाणी पाटाने आणून त्यात साठवायचे. वर घुमट अशासाठी की ऊन लागू नये, वाळू पडू नये. आत पाय टाकताच बाहेरचा ताप निम्मा होतो. काकूंनी भिंतीला तळहात लावला, वर बघितलं, आणि म्हणाल्या, “आमच्याकडं बारव उघडी असती. ह्यांनी डोकं झाकलं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “सराई नंतर बांधली असंल. आधी हे.”

कुठलं आधी बांधलं ते मी इथे ठामपणे सांगणार नाही, पण त्यांच्या बोलण्यातला क्रम मला पटला. उंटांचा तांडा दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर चालतो. तेवढ्या टप्प्यावर पाणी असेल तर तिथे मुक्काम, मुक्काम असेल तर सराई, सराई असेल तर बाजार. आपला नाणेघाट आठवा. घाटमाथ्यावर लेणं आहे, सातवाहनांचा शिलालेख आहे, त्याच्या आसपास कातळात खोदलेली टाकी आहेत. आपण लेख वाचतो आणि टाक्यातलं पाणी पिऊन पुढे जातो. टाकी आहेत म्हणून तो घाट वाहता राहिला. त्या दिवसापासून मी रेल्वे सोडली. आता सरदोब्याला एक तास राखून ठेवतो. २०२३ मध्ये युनेस्कोने हा झरफशानचा पट्टा जागतिक वारशात घेतला, त्यात रबात-ए-मलिकही आहे.

बुखाऱ्याबद्दल बोलायचं तर रात्र पुरणार नाही. ११२७चा कल्याण मिनार आहे, झाकलेले बाजार आहेत. त्यातल्या एकाचं नाव तोकी सर्राफोन, म्हणजे आपला सराफ बाजारच. तिथे पैसे मोडून देणाऱ्यांत हिंदुस्तानातून गेलेले हिंदू सावकार होते, मुलतानी म्हणून ओळखले जायचे. पण मी लोकांना संध्याकाळी ल्याबी-हौजच्या पायऱ्यांवर बसवतो. १६२०चा हा हौद, काठावर जुनी तुतीची झाडं. असे हौद शहरात ऐंशीच्या वर होते. पखाली त्यातून पाणी भरून घरोघर द्यायचे.

हे चित्र गोड वाटतं, म्हणून पुढचंही सांगितलं पाहिजे. त्याच पाण्यातून बुखाऱ्यात घरोघर एक रोग होता, त्याला ते ‘रिश्ता’ म्हणत, म्हणजे धागा. आपला नारू. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींनी तो बघितला असेल. पायातून बाहेर येणारा किडा काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा, तुटला की पाय सुजायचा. साठलेल्या पाण्यातल्या बारीक जलपिसवांतून तो माणसात येतो, हे अलेक्सेई फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने १८७०च्या सुमारास त्याच भागात, तेव्हाच्या रशियन तुर्कस्तानात, दाखवलं. पुढे सोव्हिएत काळात बहुतेक हौद आटवले, बुजवले आणि नळाचं पाणी आणलं. आपला देश २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. म्हणून हौदाकाठी बसलं की मला नुसता जुन्याचा उमाळा येत नाही. ज्या पाण्याने शहर जगवलं, त्याच पाण्याने घराघरातला एकेक माणूस लंगडा केला. दोन्ही खरं आहे.

बुखाऱ्यापासून खिव्यापर्यंत किझिलकुम वाळवंट, गाडीने सात-आठ तास. झुडपं, वाळू, मधूनच गॅसची नळी. शेवटी रस्त्याच्या एका उंचवट्यावर गाडी थांबवतो, खाली आमूदर्या दिसते. रुंद, गढूळ, चहाच्या रंगाची. खिवा शहर तिच्याच कालव्यांवर जगतं. पण १९६०नंतर या नदीचं आणि सिरदर्याचं पाणी कापसासाठी इतकं वळवलं गेलं की अरल समुद्र आटला. मुइनाक या त्याच्या जुन्या बंदरात मच्छीमारांची जहाजं आज वाळूत गंजून उभी आहेत, पाणी कितीतरी दूर गेलंय.

मी हे सांगत होतो तेव्हा त्या काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. बराच वेळ नदीकडे बघत राहिल्या.

“कापूस म्हणालात ना?”

“हो काकू, कापूस.”

“आमचाबी कापूसच हाय,” त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर नीट करून गाडीकडे निघाल्या.