कातकरवाडी आणि तिच्याखालची जमीन

श्रोतेहो, नमस्कार.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत, खालापूर, पेण, सुधागड या तालुक्यांत फिरताना मूळ गावापासून जरा लांब, ओढ्याकाठी नाहीतर डोंगराच्या उतारावर, वीस-पंचवीस घरांची कातकरवाडी आपल्याला हमखास दिसते. दिवाळी उलटली की त्या वाडीतल्या बहुतेक घरांना कड्या लागतात आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे. बाकीचे सगळे कुटुंबकबिल्यासह वीटभट्टीवर गेलेले असतात.

केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमातींना विशेष दुर्बल मानले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी येतात. २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक होती. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. पण १८७८च्या वन कायद्यानंतर इंग्रज सरकारने जंगलावरचा ताबा आवळत नेला, तसा तो हातचा गेला. पुढे व्यापाऱ्यांसाठी कोळसा पाडण्याचे काम आले, तेही आटले आणि अखेर वाट उरली ती भट्टीची.

भट्टीचा व्यवहार पावसाळ्यातच सुरू होतो. भाताच्या आवणीची मजुरी संपलेली असते, घरातले धान्य आटलेले असते, अशा वेळी मालक किंवा त्याचा मुकादम वाडीवर येऊन उचल देतो. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी हंगामभर राबते. पहाटेच्या अंधारात तो माती मळतो, ती साच्यात थापते आणि आठ-दहा वर्षांचे मूल ओल्या विटा वाळण्यासाठी कडेवर उभ्या करत हिंडते. मजुरी हजार विटांमागे ठरते, दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि हिशेब थेट पावसाच्या तोंडावर होतो. त्यात पुष्कळदा मजुराकडेच बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली आहे, हे खरे. तरी या व्यवहाराला करार म्हणणे मला जड जाते. दारूपायी हे लोक मागे राहिले, असे शहाणी माणसे सहज बोलून जातात. हिशेबाची वही कोणाच्या हातात असते, हे मात्र ती विचारत नाहीत.

शाळेचे सांगायलाच नको. ऐन वर्षाच्या मध्यात मूल पटावर असते आणि वर्गात नसते.

या सगळ्याच्या मुळाशी, माझ्या मते, घराखालची जमीन आहे. कित्येक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकांच्या जागेत वसलेल्या आहेत. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि वाडी गावठाणाच्या हद्दीबाहेर. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी हटकले नाही. शिवाय मालकाला शेतावर मजूर हवेच होते. आता मुंबईच्या एवढ्या जवळ फार्महाऊसे आणि गृहप्रकल्प उभे राहत असताना तीच जागा सोन्याची झाली आहे, आणि कुंपण वाडीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपते. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत अशा कुटुंबांना पक्क्या घरासाठी २ लाख रुपये मिळू शकतात. पण पायाखालची जागा आपली नसेल, तर घर बांधायचे कुठे? स्वतःचे घरठाण नसलेला माणूस मालकाशी दरावरून वाद घालायलाही कचरतो, आणि इथेच उचल आणि जमीन यांची गाठ पडते.

गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. वाडी गावठाणात आणायची तर तिची मोजणी आणि राहत्या कुटुंबांची नोंद नीट झाली पाहिजे. हे काम करणाऱ्या ग्रामपंचायतींना आणि कार्यकर्त्यांना एवढीच विनंती की, ते आषाढ-श्रावणात हाती घ्यावे. मोजणीचे पथक मार्चमध्ये वाडीवर पोहोचले, तर घरांना कड्या दिसतील आणि कागदावर निम्मी वाडी निर्मनुष्य ठरेल.