आधी पातं बघा, एचपी नंतर विचारा

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, नसतील तर ताट घेऊनच बसा, आज विषय छाटणीचा आहे आणि त्यातल्या त्यात छाटलेल्या फांद्यांचं करायचं काय याचा.

परवा दापोलीला गेलो होतो, तिथे एक ओळखीचे काका भेटले, म्हणाले अरे बाबा, 24 एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतलाय, मागे चिपर, म्हणजे फांद्यांचे तुकडे करणारं मशीन, जोडायचा म्हणतोय, तर किती एचपीला किती जाड फांदी जाते तेवढं सांग. आता हा प्रश्न मला दर सीझनला कोणी ना कोणी विचारतंच. आणि खरं सांगू का, प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतो.

एचपीचं आधी उरकून टाकतो. 24 एचपी हे इंजिनचे, मागच्या पीटीओवर, म्हणजे जोडलेलं मशीन फिरवणाऱ्या दांड्यावर, त्यातले 20 च्या आसपासच पोचतात. तेवढ्यात 4 इंची म्हणून विकलेला चिपर फिरतो, पण आंब्याची 4 इंची वाळकी फांदी तो दिवसभर खाईल असं समजू नका, 3 इंचापर्यंत सुखात चालतं आणि त्याच्यावरचं तसंही चुलीला लागतंच की. झालं एचपीचं.

आता पात्याचं. मी 2020 साली हे शिकलो. 3 जूनला निसर्ग वादळ झालं, तुम्हाला वेगळं सांगायला नको, दापोली मंडणगड श्रीवर्धन सगळीकडे झाडं आडवी, आमच्याकडे आंब्याची अर्धी कलमं मोडून पडलेली. पूर्वी असं काही पडलं की कवळात जायचं, राबाला जायचं, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला लागायचं, आता भातच कमी झालं तर राब कोण भाजतोय, मग पाऊस उघडल्यावर जो तो फांद्या पेटवत बसला. मी म्हटलं आपण जाळायचं नाही, आणि एक जुना चिपर आणला. पहिल्या दिवशी सकाळी मस्त चाललं, कसे खटाखट चौकोनी तुकडे पडत होते, रुपयाच्या नाण्याएवढे, कडा साफ. दुपारनंतर बघतो तर तुकड्यांच्या जागी काथ्यासारख्या दोऱ्या आणि भुसा यायला लागला, ट्रॅक्टर काळा धूर सोडतोय, आणि मी फांदी दोन्ही हातांनी आत रेटतोय. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला तर म्हणाले तुमचा ट्रॅक्टर कमी पडतोय, मोठा घ्या! मी जवळजवळ ऐकलंच होतं.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. आत एक जड चाक असतं, त्याला पाती बोल्टने बसवलेली असतात, आणि समोर एक न हलणारी जाड लोखंडी पट्टी असते. फांदी त्या दोघांच्या मध्ये कातरली जाते, आपला अडकित्ता असतो ना अगदी तसं. अडकित्ता सैल झाला की सुपारी कातरत नाही, चुरडते, हो की नाही? तसंच इथे. पातं आणि पट्टी यांच्यातली फट साधारण 1 ते 2 मिलिमीटर, नेमकी किती ते मशीनच्या पुस्तिकेत असतं, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघायची. माझी फट वाढलेली होती, आणि पात्याची धार तर अशी की नारळ सोलायची जुनी कोयती बरी. का, तर आदल्या दिवशी गड्यांनी फांद्या जांभ्यावरून फरफटत आणलेल्या, सालीत सगळी लाल माती आणि खडे बसलेले. ते खडे पात्याला काय करतात ते मी डोळ्यांनी बघितलं.

म्हणून आता आमच्याकडे नियम आहे, फांदी ओढायची नाही, उचलायची, आणि ताडपत्रीवर किंवा कापलेल्या गवतावर बुंध्याकडची टोकं एका बाजूला करून रचायची. मुळं चिपरमध्ये अजिबात नाही. आणि कुंपणाला लागून असलेल्या झाडाची फांदी असेल तर दोनदा बघा, आपल्याकडे दगडी गडगा ढासळला की काटेरी तार सरळ झाडालाच ठोकायची पद्धत आहे, आणि झाड ती तार आणि खिळा गिळून बसतं.

पात्याची दोन्ही तोंडं वापरता येत असतील तर उलटून लावायची, नाहीतर धार लावून आणायची, पण लावायची तर सगळ्या पात्यांना सारखी, एकाला जास्त घासलं आणि वजन कमी झालं की चाक थरथरायला लागतं आणि बेअरिंगची वाट लागते.

आता मी पात्यावर एवढा का अडून बसलोय ते सांगतो. छोट्या ट्रॅक्टरच्या बऱ्याच चिपरला फांदी आत ओढणारा रोलर नसतो, धारदार पातंच फांदीला आत खेचतं. ते बोथट झालं की खेचणं बंद, मग माणूस ढकलायला लागतो, आधी हाताने, मग कोपर आत, मग एखादा शहाणा पायाने. अपघात होतो तो तिथे. त्यामुळे ज्या क्षणी तुम्हाला ढकलावंसं वाटलं त्या क्षणी मशीन बंद करायचं आणि पातं बघायचं, अगदीच बारीक काटक्या राहिल्या असतील तर मागून लांब काठी. एरवी बुंधा आधी घालायचा, पात्याने पकडला की सोडून द्यायचं, आणि समोर नाही, बाजूला उभं राहायचं, कारण डहाळी आत जाताना फटकन वळते.

आणि वेग. पीटीओ मिनिटाला 540 फेरे पाहिजे, त्यासाठी इंजिन किती आरपीएमवर ठेवायचं त्याची खूण मीटरवर असते. पूर्ण वेग आल्याशिवाय फांदी नाही. आवाज जड झाला की पुढची घालायची नाही, थांबायचं, चाकाला श्वास घेऊ द्यायचा. 540 म्हणजे सेकंदाला 9 फेरे बरं का. लुंगीचं टोक, गळ्यातला पंचा, वहिनींची ओढणी, काहीही ट्रॅक्टर आणि चिपर जोडणाऱ्या त्या शाफ्टवर गेलं तर एका सेकंदात 9 वेढे पडतात, "अरे अरे" म्हणायला पण वेळ मिळत नाही. प्लास्टिकचं कव्हर आवाज करतं म्हणून काढून ठेवलेले शाफ्ट मी बघितलेत, तसं करू नका हो. शाफ्टचा शिअर बोल्ट तुटला तर वैतागू नका, तो तुटण्यासाठीच आहे, त्याच्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो. अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी आपल्या खिशात, आणि तरीही थांबा, ते जड चाक बराच वेळ आपलं आपलं फिरत राहतं.

पाणंदीतून चढ चढताना मागे एवढं वजन असलं की छोट्या ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, पुढे वजनं लावा, चिपर जमिनीपासून जेमतेम वर ठेवा. काम मात्र सपाट जागी, चाकाला दगड लावून.

ओली फांदी वाळक्यापेक्षा सोपी जाते, म्हणून आंबा उतरल्यावर छाटलीत तर चार दिवसांत चिपर लावा, जखमेला बुरशी न लागण्यासाठी बोर्डो पेस्ट लावून झाली की लगेच. नारळाची चुडतं घालू नका, धागे चाकाच्या आसाला गुंडाळतात, मग कोयती घेऊन तासभर तेच कापत बसायचं, मी बसलोय. आणि ढीग महिनाभर पडून राहिला असेल तर आधी लांब काठीने हलवा, आमच्याकडे गेल्या वर्षी त्यातून फुरसं, विषारी साप, निघालं, वीतभर, नेमकं मातीच्या रंगाचं, गडी वाकलेलाच होता.

तुकड्यांचं काय करायचं हे काकांनी विचारलंच नाही, पण खरी मजा त्यातच आहे. पाऊस संपला की ऑक्टोबरअखेर कलमाच्या आळ्यात 3-4 इंचाचा थर द्यायचा, आपली जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, या थराखाली ओल टिकते, लहान कलमांना पाण्याची एखादी पाळी तरी कमी लागते. खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी. मातीत कालवू नका, कच्चं लाकूड कुजताना नत्र खेचून घेतं आणि पानं पिवळी पडतात, वरवर ठेवलं तर तो त्रास होत नाही. भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलेलं किंवा शेंड्याकडून मर आलेलं लाकूड मात्र यात नको, ते वेगळंच काढा. आणि फेब्रुवारी मार्चला वणव्याच्या दिवसांत बागेच्या कडेचा पट्टा मोकळा ठेवा, हे तुकडे पण पेटतात.

काकांना मी म्हटलं, तुमची 60 कलमं, वर्षाला चार दिवसांचं काम, एकट्याने कशाला घेताय, वाडीतले तिघे मिळून घ्या. म्हणाले, तिघांत धार लावायला कोण नेणार? त्यावर माझ्याकडे पण उत्तर नव्हतं.