विरजण शेजारच्या यंत्राकडून

नमस्कार श्रोतेहो.

काल रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या लॅपटॉपवर दोन यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली. दोन्ही १९६९ सालच्या घडणीची, आणि दोन्ही प्रत्यक्षात माझ्या घरात नाहीतच. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिनं विचारलं, “अरे, काय बोलतायत ती?”

“एक म्हणतंय हॅलो. दुसरं म्हणतंय, ऐकू आलं.”

“आणि मग?”

“मग परत हॅलो.”

आईनं शेंगांकडे लक्ष वळवलं.

या यंत्राचं नाव इंटरफेस मेसेज प्रोसेसर. आद्याक्षरं जोडून त्याला ‘इम्प’ म्हणायचे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या ‘आर्पा’ या संस्थेनं दूरदूरच्या विद्यापीठांतले संगणक जोडायचं ठरवलं. पण प्रत्येक संगणक वेगळ्या घडणीचा, एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही. मग प्रत्येक ठिकाणी एकसारखा एक मध्यस्थ बसवायचा, आणि मध्यस्थांनी आपापसांत बोलायचं, अशी युक्ती निघाली. आपल्या घरातल्या राउटरचा हा पणजोबा. फ्रिजएवढ्या लोखंडी कपाटातला हनीवेल ५१६ संगणक आणि त्यात १२ हजार शब्दांची स्मृती. हे शब्द १६ बिटांचे, म्हणजे सगळी मिळून २४ किलोबाइट! रोज सकाळी येणारं सुप्रभाताचं एक फूलसुद्धा त्यात मावणार नाही.

काम मिळालं मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन या कंपनीला. गटाचे प्रमुख फ्रँक हार्ट. प्रोग्राम लिहिणारे मुख्यतः तिघं: विल क्राउदर, डेव्ह वॉल्डन आणि बर्नी कोसेल. पहिलं यंत्र १९६९च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोचलं. २९ ऑक्टोबरच्या रात्री तिथून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला घेतला. एल गेला, ओ गेला आणि पलीकडचा संगणक कोसळला. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण मधले इम्प त्या रात्री शाबूत होते, हे कुणी फारसं सांगत नाही. पडला तो टोकाचा संगणक, टपाल नेणारे नव्हेत.

या इम्पांनी जोडलेलं संगणकांचं जाळं, म्हणजे आर्पानेट, १९९० साली बंद झालं. कपाटं भंगारात गेली, एखाददुसरं संग्रहात राहिलं. आता ते यंत्र चालवायचं कसं?

तर सोंग काढायचं. आपल्याकडे बहुरूपी फौजदार होऊन दारात येतो, टोपी, पट्टा, दरडावणं सगळं जागच्या जागी. सिम्युलेटर असाच. हनीवेलला एखादी सूचना दिली की त्याच्या पोटात जे जे बदलायचं, ते ते तो आपल्या पोटात बदलून दाखवतो. त्यामुळे आतल्या प्रोग्रामला आपण परक्या घरात आहोत याचा पत्ताच लागत नाही. बॉब सपनिक यांनी १९९३ साली ‘सिमएच’ नावाचं असं बहुरूप्याचं गाठोडं बांधायला घेतलं. त्यात जुन्या हनीवेलचंही सोंग होतं. इम्पला लागणारी खास जोडणी, म्हणजे मोडेम, होस्टची (टोकाच्या संगणकाची) तार, घड्याळ, ही २०१३च्या सुमारास बॉब आर्मस्ट्राँग यांनी त्यात घातली.

पण सोंग झालं, संवादाचं काय? म्हणजे मूळ प्रोग्राम? तो वाचला कागदावर. १९७३ सालच्या प्रोग्रामची एक छापील प्रत जुन्या मंडळींकडे टिकून राहिली होती. तिची स्कॅन केलेली पानं घेऊन काही हौशी जाणकार बसले. त्यात प्रत्येक सूचनेशेजारी तिचा अष्टमान आकडा छापलेला, फक्त ० ते ७ या अंकांत. पुसट छपाईत शून्य कुठलं आणि ओ कुठला हे ओळखताना डोळे फुटायची वेळ. पण तो शेजारचा आकडाच कामी आला. सूचना पुन्हा टंकायच्या, त्यांच्यापासून नव्यानं आकडे काढायचे आणि छापलेल्याशी ताडून बघायचे. फरक दिसला की चूक त्याच ओळीत. आपल्या वाण्याच्या वहीत खतावणी जुळवतात, तसंच.

इथे जरा आडवाटेला जातो. मुंबईतही १९८६ला ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधन संस्थांचं संगणकजाळं सुरू झालं, तेव्हा जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत मंडळी अशीच तारा जोडत बसली होती. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर त्या काळातले, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदांचे गठ्ठे असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून बघा.

असो. माझ्या लॅपटॉपवर येतो. खरे इम्प सेकंदाला ५० हजार बिटं नेणाऱ्या भाड्याच्या टेलिफोन लाइननं जोडलेले असायचे. सिम्युलेटरमध्ये त्या लाइनच्या जागी येतात यूडीपी या पद्धतीची पॅकेटं, म्हणजे माहितीची छोटी पुडकी, आजच्या इंटरनेटचीच. पणतवंडाच्या खांद्यावर बसून पणजोबा चाललाय म्हणा ना. घड्याळ मात्र सांभाळावं लागतं. हजार बिटांचं पॅकेट त्या लाइनवरून जायला २० मिलिसेकंद लागायची, आणि ठरल्या वेळात पोच आली नाही तर इम्प तेच पॅकेट पुन्हा पाठवायचा. लॅपटॉप वाऱ्यासारखा पळू लागला की प्रोग्रामच्या हिशेबानं वेळ कधीच संपून जाते आणि तो उगाच पुन्हापुन्हा पाठवत सुटतो. म्हणून वेगवान यंत्राला मुद्दाम रांगायला लावायचं.

माझी पहिली संध्याकाळ मात्र वेगळ्याच घोळात गेली. दुसऱ्या इम्पची सेटिंगची फाइल मी पहिल्याचीच नक्कल करून बनवली आणि क्रमांक बदलायला विसरलो. दोघंही एक नंबर. आता इम्पला लाइनवर स्वतःचाच नंबर ऐकू आला, की तो समजतो, पलीकडे कुणी नाही, तार वळून आपल्याकडेच आलेली आहे. दोघंही आपापल्या जागी तेच समजून बसले. तास दीड तास मी यूडीपीला शिव्या घातल्या.

त्या मंडळींनी यंत्र बिघडणार हे गृहीतच धरलं होतं. दूरच्या विद्यापीठात ते दुरुस्त करायला जाणकार कुठून आणायचा? म्हणून आत एक राखणदार घड्याळ ठेवलं. प्रोग्रामनं त्याला ठरावीक वेळानं टपली मारायची. टपली चुकली तर प्रोग्राम बिघडला असं धरून तो नव्यानं भरायचा, सुरुवातीला कागदी पट्टीवरून. पुढे त्याहून नामी सोय झाली. स्मृती नासली तर इम्प तारेवरून शेजारच्या इम्पकडे त्याच्याजवळच्या प्रोग्रामची प्रत मागायचा. दही नासलं की वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जावं, तसं. माझ्या दोन खिडक्यांत हे विरजणाचं अजून जमलेलं नाही. शनिवारी पुन्हा बसणार आहे.

काल जमलं ते एवढंच. एक खिडकी मी मुद्दाम बंद केली. दुसरीतल्या नोंदीत हॅलो जात राहिले, उत्तर येईना. काही हॅलो वाया गेल्यावर त्यानं लाइन मेली असं लिहून टाकलं, पण हाका मारायचं थांबवलं नाही. जेवून आल्यावर मी बंद केलेली खिडकी पुन्हा उघडली. ‘ऐकू आलं’ असं पहिलं उत्तर गेलं, तरी पलीकडच्यानं लाइन लगेच चालू धरली नाही. उत्तरं ओळीनं, न चुकता येतायत ना, ते आधी मोजत बसला.

“बोलली का परत?” आईनं आतून विचारलं.

“थांब,” म्हटलं, “अजून खात्री करतोय तो.”