क्फार एत्झिओन: पहिली वसाहत

नमस्कार श्रोतेहो.

जेरुसलेमहून हेब्रोनकडे जाताना डोंगरमाथ्यावर क्फार एत्झिओन लागतं. गाव लहानसंच. पण १९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँकमध्ये, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी भागात, उभी राहिलेली ही पहिली इस्रायली वसाहत. तिची कहाणी मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

या डोंगरांत ज्यूंनी आधी दोनदा वस्ती करून पाहिली आणि दोन्ही वेळा अरबांशी झालेल्या संघर्षात ती उठली. मग १९४३ साली धार्मिक वृत्तीची तरुण मंडळी आली. ज्यू संस्थेनं विकत घेतलेल्या जमिनीवर त्यांनी किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीचं गाव वसवलं. चार वर्षांत शेजारी आणखी तीन गावं झाली.

१९४७ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला. त्यात हा टापू अरब राज्याच्या वाट्याला गेला आणि लवकरच गावांना वेढा पडला. जानेवारीत बहुतेक बायका-मुलांना जेरुसलेमला हलवलं. त्याच महिन्यात ३८ जण रसद पाठीवर घेऊन रात्री पायी निघाले. एकाचा पाय मुरगळला, दोघं त्याला सोबत घेऊन मागं फिरले. पुढे गेलेल्या ३५ जणांपैकी एकही पोचला नाही.

एप्रिलमध्ये जेरुसलेमजवळच्या देर यासिनमध्ये ज्यू सशस्त्र गटांनी शंभरावर पॅलेस्टिनी गावकरी मारले. त्या संतापाची धग ताजी होती. शिवाय हेब्रोनच्या रस्त्यावरच्या अरब वाहनांवर या वसाहतींमधून हल्ले होत होते. १३ मे १९४८ रोजी अरब लीजन, म्हणजे जॉर्डनची फौज, आणि आसपासचे हत्यारबंद गावकरी क्फार एत्झिओनमध्ये शिरले. शरण आलेल्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. सव्वाशेच्या आसपास माणसं मेली, वाचली फक्त चार. त्यातल्या एका तरुणीला अरब लीजनच्याच एका अधिकाऱ्यानं वाचवलं, हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीन गावांनी शस्त्रं खाली ठेवली.

पुढची १९ वर्षं हा भाग जॉर्डनकडे होता. तिथलं एक जुनं ओकचं झाड सीमेपलीकडून दिसायचं आणि बापाविना वाढलेली मुलं ते लांबून बघत राहायची. १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलनं वेस्ट बँक जिंकली. तेव्हा हीच मुलं पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्याकडे गेली: आम्हाला आमच्या गावी जाऊ द्या. त्यांचा म्होरक्या होता हनान पोरात. सप्टेंबरअखेर ती परतलीसुद्धा.

त्याच महिन्यात परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सरकारला गोपनीय टिपण दिलं होतं. बालपणी नाझींच्या छळछावण्या सोसलेला हा माणूस. त्यांनी स्पष्ट लिहिलं की व्याप्त प्रदेशात नागरी वस्ती करणं चौथ्या जिनिव्हा कराराच्या, म्हणजे युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, विरुद्ध आहे. सरकारनं पळवाट काढली. जगाला सांगितलं की हे लष्कराचं ठाणं आहे. राहायला गेले ते किबुत्झवाले.

माझं मत विचाराल, तर त्या मुलांचं दुःख शंभर टक्के खरं होतं. बाप जिथं पडला, तिथं जावंसं कुणाला वाटणार नाही? पण त्याच १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. त्यांच्याही मुलांना आपली गावं आठवत होती. त्यांना परतीची वाट कुणी उघडली नाही. आणि पोरातही आपल्या गावापुरते थांबले नाहीत. १९७४ साली सुरू झालेल्या गुश एमुनीम चळवळीचे ते एक संस्थापक. या चळवळीनं जिथं ज्यूंचं आधीचं घरदार नव्हतं, अशा डोंगरांवरही वसाहती उभ्या केल्या. आज पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमध्ये सुमारे पाच लाख इस्रायली राहतात.

मेरॉन पुढे युगोस्लाव्हियाविषयीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले. २०१७ साली, पन्नास वर्षांनंतर, त्यांनी या प्रश्नावर पुन्हा लिहिलं आणि १९६७ चं आपलं मत कायम ठेवलं. २०२४ च्या जुलैमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही या वसाहती बेकायदा असल्याचं मत दिलं. इस्रायल सरकारला ते मान्य नाही.