पहिली ठासणीची बंदूक निवडताना

(पेनसिल्व्हेनियातील एका मराठी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांनी मला आजवर एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: हरणाच्या शिकारीसाठी ठासणीची बंदूक घ्यायची आहे, तर कोणती घ्यावी? विचारणाऱ्याच्या हातात बहुधा दुकानाचे जाहिरातपत्रक असते आणि बोट किमतीवर टेकलेले असते. मी त्याला उलट विचारतो की आपण कोणत्या राज्यात, कोणत्या महिन्यात आणि किती अंतरावरून बार टाकणार आहात. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पत्रक घडी घालून खिशात ठेवावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक, हा शब्द आपल्याला नवा नाही. कोकणात माझ्या आजोबांकडे शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची अशी एक बंदूक होती आणि वानर-डुकरे हाकलण्यासाठी ती वर्षातून दोन-चार वेळा बाहेर निघे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते सगळे अमेरिकेतले, परवाना काढून आणि ठरलेल्या हंगामात करावयाच्या शिकारीविषयी आहे. इथे पांढऱ्या शेपटीचे हरीण शेतांत, बागांत आणि रस्त्यांवर इतके वाढले आहे की त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा एक मार्ग म्हणून राज्ये शिकारीकडे पाहतात. आधुनिक रायफलीच्या हंगामाखेरीज ठासणीच्या बंदुकीला बहुतेक राज्ये स्वतंत्र दिवस देतात, कारण एका वेळी एकच बार भरता येत असल्याने शिकाऱ्याला संयम ठेवावा लागतो आणि हरणाला संधी मिळते.

मात्र हे दिवस देताना प्रत्येक राज्याने आपापल्या अटी घातलेल्या आहेत, आणि खरेदीची सुरुवात त्या अटींपासूनच होते. आपल्या पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये मादी हरणांसाठी जो छोटा हंगाम असतो, त्यात कोणत्याही पद्धतीची ठासणीची बंदूक चालते; पण नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होणारा, १९७४पासून चालत आलेला जो जुना हंगाम आहे, त्यात फक्त चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारी, बंदूकच लागते. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही, गोळीभोवतीचे प्लास्टिकचे वेष्टन म्हणजे सॅबो चालत नाही आणि दारूच्या तयार वड्याही चालत नाहीत. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी वस्ती मोठी आहे, हरणासाठी मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांची आधुनिक रायफल वापरताच येत नाही. बंदूक म्हणजे शॉटगन किंवा ठासणीची रायफल. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याने कोलोरॅडोच्या मित्राचा सल्ला ऐकून बंदूक घेणे म्हणजे पुण्याच्या हवामानावर विसंबून कोकणात आंबा मोहरण्याची वाट पाहण्यासारखे आहे.

अटी समजल्या की प्रश्न राहतो तो ठिणगीचा. ठासणीच्या बंदुकांचे प्रकार नळीवरून किंवा दस्त्यावरून पडत नाहीत. दारूपर्यंत आग कोणत्या वाटेने पोहोचते, यावरून पडतात. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो, तो पोलादी झडपेवर घासला जाऊन ठिणग्या पडतात, त्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर, पडून रंजक पेटते आणि त्याची झळ नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरून बार उडतो. स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे केपाची बंदूक आली. तिच्यात घोडा निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर, बसवलेल्या तांब्याच्या टोपीवर आपटतो. तिसरा प्रकार सरळ मार्गाचा, ज्याला इथे इनलाइन म्हणतात: शॉटगनच्या काडतुसात असते ती २०९ क्रमांकाची टोपी नळीच्या थेट मागे बसते आणि ज्वाला सरळ दारूत जाते. टोनी नाइट यांनी १९८५ साली बाजारात आणलेल्या एमके-८५ या रायफलीने हा प्रकार लोकप्रिय केला.

पहिल्या प्रकाराबद्दल मला थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण माझी फजिती त्यातच झाली. जुन्या हंगामाच्या ओढीने मी एक वापरलेली चकमकीची बंदूक घेतली आणि हौसेने काळ्या दारूऐवजी तिच्या जागी वापरायची नवी दारू भरली, कारण ती कमी घाण करते असे मी वाचले होते. त्या दारूला पेटण्यासाठी खऱ्या काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते आणि चकमकीच्या दुबळ्या झळेने ती भरवशाने पेटत नाही, हे मात्र वाचलेले नव्हते. जानेवारीतल्या धुकट सकाळी सुमारे चाळीस पावलांवर एक मादी उभी राहिली. मी चाप ओढला, गालाजवळ फुस्स आवाज झाला, पांढरा धूर निघाला आणि सगळे शांत झाले. हरणाने कान फिरवले, माझ्याकडे पाहिले आणि सावकाश निघून गेले. फुसका बार या शब्दाचा अर्थ मला मराठीच्या तासाला कळला नव्हता तितका त्या दिवशी कळला.

अशा वेळी हात कसा ठेवायचा, हेही सांगून ठेवतो. बार उडाला नाही म्हणून नळी लगेच खाली घेऊ नये किंवा आत डोकावू नये. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान पूर्ण मिनिटभर थांबावे, कारण आत धुमसणारी दारू उशिराने पेटू शकते. शिवाय चकमकीच्या बंदुकीत रंजक पेटणे आणि बार उडणे यांच्यामध्ये क्षणाचा जो अवकाश असतो, त्यात नवख्याचा नेम हलतोच. म्हणून पहिल्याच वर्षी चकमक घेणाऱ्याने हंगामापूर्वी शेकडो बार कागदावर टाकायची तयारी ठेवावी. ज्याला नाताळनंतरच्या हंगामातच उतरायचे आहे, त्याला पर्याय नाही. त्याने चकमकच घ्यावी, खरी काळी दारू वापरावी आणि गारेची धार रोज तपासावी. ज्याच्या राज्यात अशी अट नाही, त्याने पहिली बंदूक म्हणून केपाची किंवा इनलाइन निवडावी. पावसाळी जंगलात, कमी अनुभवाच्या माणसाला २०९ची टोपी जितकी साथ देते तितकी दुसरी कोणतीही यंत्रणा देत नाही. मला स्वतःला केपाची बंदूक अधिक आवडते, पण ती आवड आहे, सल्ला नव्हे.

दारूचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगतो. काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. प्रमाण साधारण ७५, १५ आणि १०. तिच्या जागी पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न २०९ अशा दारू मिळतात आणि त्यांतली शेवटची २०९च्या टोपीसाठीच योग्य आहे. या सगळ्या दारू मापाने, म्हणजे घनफळाने मोजतात. ग्रेन हा शब्द वजनाचा असला तरी इथे मापट्यावरचा आकडा पाहायचा असतो. आधुनिक काडतुसांतली धूरविरहित दारू साध्या ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालू नये. तिचा दाब नळी फोडतो आणि फुटलेली नळी आपल्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नये, आधी मापट्यात घ्यावी. आत ठिणगी उरली असेल तर मापट्यातलीच पेटेल, अख्खा डबा नाही.

आता नळीकडे येऊ. बहुतेक लोक व्यासाचा विचार करतात आणि पिळाचा विसरतात. हरणासाठी .५० इंचाचा व्यास घ्यावा, त्यात फारशी चर्चा नको. गोळ्या, त्यांना गुंडाळायच्या कापडी पट्ट्या आणि सुटे भाग सर्वत्र मिळतात. पण नळीच्या आतले आटे, म्हणजे पिळदार खाचा, किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात, हे पाहूनच गोळी ठरते. गोल गोळी तेल लावलेल्या सुती कापडाच्या तुकड्यात गुंडाळून घालायची असेल, तर ६० किंवा ६६ इंचांत एक फेरा असलेला संथ पीळ लागतो. लांबट गोळीसाठी किंवा सॅबोसाठी २८ इंचांत एक फेरा असलेला घट्ट पीळ लागतो. ४८ इंचांचा पीळ दोघांनाही चालतो असे दुकानदार सांगतात. तो चालतो, पण दोघांपैकी कोणालाच उत्तम साथ देत नाही. मी एका मित्राच्या २८ इंची पिळाच्या बंदुकीतून गोल गोळ्या टाकून पाहिल्या होत्या. पन्नास यार्डांवरच्या ताटाएवढ्या वर्तुळात पाचांपैकी दोन गोळ्या लागल्या, उरलेल्या तीन कुठे गेल्या ते झाडांनाच ठाऊक. गोळी बदलल्यावर तीच बंदूक एका मुठीएवढ्या जागेत मारू लागली.

गोल गोळीची आणखी एक मर्यादा आहे. .५० बंदुकीची .४९० इंची शिशाची गोळी साधारण १७७ ग्रेन भरते, आणि गोल आकारामुळे हवेत तिचा वेग झपाट्याने उतरतो. पन्नास-साठ यार्डांपर्यंत ती आपले काम चोख करते. त्यापुढे हरणावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. सॅबोतली लांबट गोळी दुर्बिणीसह दीडशे यार्डांपर्यंत जाऊ शकते, पण आपल्याकडच्या दाट जंगलात तेवढे अंतर दिसतच नाही. त्यामुळे जिथे बसणार तिथले सगळ्यात लांबचे मोकळे अंतर पावलांनी मोजून यावे, मग बंदुकीचा विचार करावा.

खांद्याला बसणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे आणि हे पत्रकात छापलेले नसते. जाड कोट घालून दुकानात जावे, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकावरची माशी आणि मागचा खाचेचा भाग एका रेषेत दिसला, तर दस्ता आपल्या मापाचा आहे. मान ताणावी किंवा वाकवावी लागत असेल तर ती बंदूक परत ठेवावी. डावखुऱ्यांनी चकमकीची बंदूक डाव्या बाजूच्या घोड्याचीच घ्यावी, नाहीतर रंजकाचा भडका डोळ्यांसमोर होतो. चष्मा मात्र कोणत्याही हाताने बार टाकताना हवाच.

कायद्याबद्दल थोडक्यात. संघराज्याच्या १९६८च्या कायद्यात ठासणीची बंदूक सर्वसाधारणपणे बंदुकीच्या व्याख्येत येत नाही, म्हणून ती पुष्कळ राज्यांत टपालानेही मागवता येते. मात्र ज्या बंदुकीची नळी बदलून सहज काडतुसे टाकता येतात, ती या सवलतीत बसत नाही. राज्यांचे नियम निराळे असू शकतात. न्यू जर्सीत अशा रायफलीलाही खरेदीचे ओळखपत्र लागते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना आधुनिक बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने सामान्यतः मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. तेव्हा आपल्या व्हिसाची परिस्थिती वकिलाकडून समजून घेतल्याखेरीज पैसे भरू नयेत. शिकारीचे प्रशिक्षण घेऊन परवाना काढणे तर सर्वांनाच आहे.

शेवटी, एका श्रोत्याने चिठ्ठीवर विचारले आहे की वापरलेली बंदूक घ्यावी का. घ्यावी, पण बंदूक रिकामी आहे ना, हे आधी पाहावे. विकणाऱ्याची पाचपंचवीस वर्षांची बेपर्वाई नळीत दडलेली असते, आणि कधीकधी जुना बारही तसाच ठासलेला असतो. गज, म्हणजे बार ठासायची सळई, नळीत शेवटपर्यंत घालून तोंडाशी बोटाने खूण धरावी, मग तो बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूला लावावा. गजाचे टोक नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्राच्या किंवा निपलच्या रेषेपर्यंत पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे आणि घासाघीस करण्यापूर्वी ते जाणकाराकडून काढून घ्यावे. रिकामी आहे याची खात्री झाली की गजाच्या टोकाला पांढरा कोरडा कपडा लावून आत-बाहेर फिरवावा. तांबूस गंज येत असेल, किंवा कपडा एकाच ठिकाणी दर वेळी अडकत असेल, तर तिथे खड्डे पडलेले आहेत किंवा कोणी गोळी पूर्ण न ठासता बार टाकल्याने नळी फुगली आहे. इनलाइन असेल तर मागचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचे बूड बंद करणारा आट्यांचा तुकडा, समोर उघडून दाखवायला सांगावे. साबण आणि गरम पाण्याने दर वेळी धुतलेल्या, प्लगच्या आट्यांवर वंगण लावलेल्या बंदुकीचा प्लग पान्याने हलकेच फिरतो. तो जागचा हलेना, आणि विकणारा म्हणाला की गेल्या हंगामापर्यंत तर सहज निघत होता, तर त्याचे आभार मानून घरी यावे.