माळ्यावरचा आहेर

(दृश्य : जुन्या सोसायटीतलं स्वयंपाकघर. स्टुलावर उभं राहून कुणीतरी माळ्यावरून डबे खाली देतंय.)

घटस्थापना तोंडावर आली की गोधड्या धुवायला निघतात, पडदे उतरतात आणि घरातला एक जण स्टुलावर चढतो. वरून आवाज येतो, "अगं, हे काय आहे?" खालून उत्तर, "असू दे, लागेल कधीतरी." डब्यावरून फडकं फिरतं आणि डबा परत वर जातो. याला आपण दसऱ्याची साफसफाई म्हणतो.

(दृश्य : डब्यांवर कोरलेली नावं, जवळून.)

वर असतं तरी काय? स्टीलची पातेली, एकात एक घातलेली. ताटल्या, वाट्या, तांबे. प्रत्येकावर मशीननं कोरलेलं नाव, तारीख आणि निमित्त. कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, कुणाच्या स्मरणार्थ. शेजारी ब्लाऊजपीसचा गठ्ठा. ब्लाऊजपीस शिवायला कमी आणि पुढे द्यायला जास्त असतो. फिरत फिरत एखादा मूळ घरी परतही येतो. शर्टपीस, टॉवेल-टोपी, कधीच न उघडलेला लेमन सेट. आणि थर्माकोलसकट जपलेलं मिक्सरचं खोकं. मिक्सर केव्हाच जळालाय.

यातलं बरंचसं या घरानं विकत आणलेलं नाही. ते मानापानातून आलंय. म्हणून "खरेदी कमी करा" हा सल्ला इथे निम्माच लागू पडतो. दुकानातली वस्तू टाकताना फार तर पैसे गेल्याची हळहळ वाटते. मावशीच्या नावाचं पातेलं टाकताना मावशी डोळ्यांसमोर येते.

लॉस एंजेलिसमध्ये २००१ ते २००५ या काळात यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी ३२ कुटुंबांच्या घरांचा बारकाईनं अभ्यास केला. सामान इतकं, की बहुतेकांच्या गॅरेजमध्ये गाडीच मावत नव्हती. आपल्या घराबद्दल बोलताना ज्या बायका पसारा आणि अर्धवट कामं यांबद्दलच जास्त बोलल्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा परिणाम आढळला नाही. पसारा दोघांचा, पण आवरायचा कुणी हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. तिथेही आणि इथेही.

(दृश्य : बंद खोकी. कॅमेरा एकेका खोक्यावर थांबतो.)

अडगळ ओळखायची कशी? खोकं उघडण्याआधी आत काय आहे ते सांगायचं. सांगता आलं नाही, तर त्यातलं काहीच आजवर लागलेलं नाही. जुनं म्हणजे अडगळ असं मात्र नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे अशा वापरातल्या वस्तू देशभर फिरून जमवल्या. त्यांचा वीस हजारांहून मोठा संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारकडे गेला आणि आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतो. अडकित्ता कुठून आणला हे संग्राहकाला माहीत असतं. आपल्याला माळ्यावर अडकित्ता आहे हेच माहीत नसतं.

गॅलरीतली अडगळ जास्त घातक. फुटकी कुंडी, जुना टायर, उलटा न ठेवलेला डबा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. पाणी आटलं तरी अंडी महिनोन् महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. जिन्यात ठेवलेली सायकल आणि कपाट आग लागली तर वाट अडवतात. सोसायटीच्या नोटिशीत हे दरवर्षी असतं, नोटीस कुणी वाचत नाही.

(दृश्य : जुन्या कपड्यांचा ढीग. शेजारी स्टीलची भांडी.)

पूर्वी घरातून सामान बाहेर जायच्या वाटा दारापर्यंत येत. बोहारीण ओट्यावर बसायची, साडी उजेडात धरून कुठे विरलीय ते बघायची. "ताई, अजून एक पँट टाका," म्हणत घासाघीस चालायची. कपडे जायचे आणि बदल्यात नवं पातेलं घरात यायचं! म्हणजे कपाट रिकामं, माळा भरलेला. आता गेटवरचा वॉचमन तिला आत सोडत नाही, त्यामुळे तीही वाट अरुंद झाली.

रद्दीवाला अजून आहे. पुण्यात २००८ पासून काम करणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. बंद पडलेले मोबाईल, चार्जर आणि फुगलेल्या बॅटऱ्या मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. त्या ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यायच्या. आणि नाव घातलेली भांडी? ती सोसायटीच्या महाप्रसादाला द्या. शंभर माणसांच्या पंगतीत वाटीवर कुणाचं नाव आहे हे कुणी बघत नाही, आणि दरवर्षीच्या थर्माकोलच्या द्रोणांचा प्रश्नही मिटतो.

एक अपवाद. घरातल्या ज्येष्ठांना रिकामी पिशवी टाकतानाही जीव कासावीस होत असेल, चालायला वाट उरली नसेल, तर तो आळस किंवा हट्ट म्हणून सोडू नका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये साठवणुकीचा हा विकार स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. तिथे परस्पर टेम्पो बोलावून घर रिकामं केलं तर माणूस अधिक घाबरतो. डॉक्टरांची मदत घ्या.

(दृश्य : संक्रांतीचं हळदीकुंकू. ताटात वाणाच्या वस्तू.)

दसऱ्याला उतरवलेला माळा संक्रांतीपासून पुन्हा भरू लागतो. रथसप्तमीपर्यंत दहा घरी हळदीकुंकवाला गेलं की दहा वाणं: प्लास्टिकची चाळणी, साबणदाणी, कंगवा, तीच ती चौकोनी डबी. नको म्हणणं अवघड, कारण वाण नाकारायचं नसतं. देणाऱ्याला मात्र काय द्यायचं ते ठरवता येतं. काही बायका आता गुळाची ढेप, खोबरेल तेलाची बाटली, पावशेर शेंगदाणे देतात. लग्नपत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" ही ओळ तर कधीच रुळली आहे.

संक्रांतीच्या सुगडात काय असतं ते आठवून बघा. ऊस, बोरं, हरभरा, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ. आठवड्याभरात सगळं खाऊन संपतं आणि उरतं ते मातीचं सुगड, त्यात तुळशीचं रोप लावता येतं.